गुडघाभर पाण्यातली डुबकी

"मावशी, अलिबागच्या समुद्राच्या तळाशी काय असतं गं?"

माझा भाचा पुण्याचा. सहावीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आईबाबांबरोबर मालवणला जाऊन आला. तिथं डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा आणि तोंडात नळी लावून त्यानं पाण्यात डोकं बुडवलं, रंगीत मासे पाहिले आणि तेव्हापासून साहेबांना दुसरं काही सुचेना! मार्च महिन्यात शनिवार-रविवार तो माझ्याकडे राहायला आला, तो तोच चष्मा आणि तीच नळी पिशवीत घालून.

आम्ही डी.एड.ला एकत्र असलेले चौघं मित्रमैत्रिणी वर्षातून एकदा कुठं तरी भेटतो. यंदा अलिबाग ठरलं होतं. चौघंही प्राथमिक शाळेत शिकवणारे. त्यातला एक पट्टीचा पोहणारा. दुसरा गणिताचा किडा. बसच्या तिकिटाचा नंबर दिसला तरी त्याला कितीनं भाग जातो ते सांगणार. मैत्रिणीला शंख-शिंपल्यांचं वेड. आणि मी? मी आपली सगळ्यांचे डबे सांभाळणारी. पाचवा मेंबर म्हणून भाचा आला.

तर मुलांनो, त्या दोन दिवसांत आम्ही समुद्राचा तळ पाहिला. पण डुबकी मारली ती फक्त एक फूट खोल. आणि परत येताना एक चूकही केली. ती चूक तुम्हांला सांगावी, म्हणून खरं तर हा लेख.

चहासारखा समुद्र

शनिवारची सकाळची शाळा आटोपून दुपारी आम्ही अलिबागला पोहोचलो. समोर समुद्र, समुद्रात कुलाबा किल्ला. भाच्यानं लगेच चष्मा चढवला. पोहणाऱ्या मित्राचा हात धरून तो गुडघाभर पाण्यात गेला, ओणवा झाला, पाण्यात तोंड घातलं आणि दुसऱ्या मिनिटाला उठला.

"काका, काहीच दिसत नाही! नुसता चहा!"

खरंच की. दूध घातलेल्या चहासारखं पाणी. स्वतःचा हात दिसेना. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. "मालवणला तर पायाखालची वाळू दिसत होती," म्हणाला.

माझ्या मैत्रिणीनं काही न बोलता डब्यांतली एक रिकामी काचेची बरणी घेतली, समुद्राच्या पाण्यानं भरली आणि झाकण लावून भाच्याच्या हातात दिली. "रात्रभर खिडकीत ठेव. हलवायची नाही. सकाळी बघू."

सकाळी बरणीच्या तळाशी तपकिरी गाळाचा पातळ थर बसला होता आणि वरचं पाणी बरंच नितळ झालं होतं! म्हणजे समुद्राचं पाणी घाण नव्हतं. त्यात बारीक माती तरंगत होती, एवढंच.

ही माती येते कुठून? रायगडच्या किनाऱ्यावर खाड्याच खाड्या. उत्तरेला अंबा नदी धरमतरच्या खाडीला मिळते, दक्षिणेला कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. पावसाळ्यात सह्याद्रीवरून धुऊन आलेली माती या खाड्यांच्या तोंडाशी साठते. आणि तिला खाली बसायला कुणी देतच नाही, कारण इथली भरती-ओहोटी जोरदार. उधाणाच्या दिवसांत मुंबई-अलिबागकडे भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्याच्या उंचीत चार ते पाच मीटरचा फरक पडतो. मालवण-गोव्याकडे तोच फरक साधारण दोन-सव्वादोन मीटरचा. उलट वर गुजरातेत, खंभातच्या आखातात भावनगरला तो दहा मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तीन मजली इमारतीएवढं पाणी चढतं आणि उतरतं! एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करणार म्हटल्यावर गाळ ढवळला जाणारच.

म्हणूनच पाण्याखालचं जग पाहायला लोक सिंधुदुर्गात जातात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा डायव्हिंग शिकवणारं केंद्र आहे. परदेशात तर बर्फासारख्या गार पाण्यातही लोक हौसेनं बुड्या मारतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ काही बेटं आहेत. त्यांच्याभोवतीच्या थंड पाण्यात केल्प नावाच्या शेवाळाची जंगलंच्या जंगलं उभी असतात. हे शेवाळ चांगल्या दिवसांत रोज अर्धा मीटरपर्यंत वाढतं. आपल्या अंगातली ऊब हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगानं ओढून घेतं, म्हणून तिथले पाणबुडे जाड रबरी कपडे घालतात. पण कपडे घालायच्या आधी ते एक गोष्ट न चुकता बघतात. कुठली? भरती-ओहोटीचं वेळापत्रक!

"मग आपल्याकडे तळ बघायचाच नाही का?" भाच्यानं विचारलं.

"बघायचा की," मैत्रीण म्हणाली. "आपल्याकडे समुद्रच दिवसातून दोनदा पडदा वर करतो. आपण फक्त वेळेवर जायचं."

तिथीचं गणित

वेळ कशी काढायची? आता आमच्या गणितज्ञाची पाळी. मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण त्याला तसं सोपं उत्तर कसं आवडेल? त्यानं भिंतीवरची दिनदर्शिका काढली.

"आपल्या कोळीबांधवांचं गणित फार जुनं आहे," तो म्हणाला. "तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जे उत्तर येईल, तेवढे वाजता भरती."

कळलं का मुलांनो? समजा चतुर्थी आहे. ४ गुणिले ३ म्हणजे १२. भागिले ४ म्हणजे ३. तीन वाजता पूर्ण भरती. एकदा दुपारी, एकदा पहाटे. अष्टमी असेल तर ८ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ६. सहा वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे: ४५ भागिले ४, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरुवात. आणि भरतीच्या वेळेतून सहा तास वजा केले की ओहोटीची वेळ.

तिथीचा आणि पाण्याचा काय संबंध? दोन्ही चंद्राच्या हातात! चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो. त्यामुळे चंद्राच्या बाजूला पाण्याचा फुगवटा येतो आणि पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूलाही येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून आपला किनारा दिवसातून दोनदा फुगवट्यात शिरतो. पण तोवर चंद्रही आपल्या वाटेनं थोडा पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटं जास्त लागतात. म्हणून आजची भरती उद्या साधारण पाऊण तास उशिरा येते. तिथीला पाऊणनं गुणायचं ते याचसाठी.

पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत येतात. सूर्यही चंद्राला जोर देतो. मग पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात होते, पाणी बेताचं चढतं आणि बेताचंच उतरतं. त्याला भांगाची भरती म्हणतात.

"उद्या रविवार, संकष्टी," गणितज्ञानं दिनदर्शिकेवर बोट ठेवलं. "संकष्टी म्हणजे चतुर्थी. भरती दुपारी तीनला. ओहोटी सकाळी नऊला. आठला निघू, साडेआठपर्यंत किल्ल्यात. नऊनंतर तासभर पाणी काही मोठं चढत नाही. दहाला निवांत परत फिरू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हे वेळापत्रक नीट लक्षात ठेवा हं!

तीन मजली चाळ

सकाळी आठ वाजता आम्ही निघालो. किनाऱ्यापासून किल्ला साधारण एक-दीड किलोमीटर. काल जिथं लाटा होत्या, तिथं आज ओली वाळू, खडक आणि मधूनमधून घोट्याएवढं पाणी. लोक चालत होते, घोडागाड्याही छपक-छपक करत जात होत्या. संकष्टी असल्यानं किल्ल्यातल्या गणपतीच्या दर्शनाला जाणारेही बरेच होते.

हा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढं सरखेल कान्होजी आंग्रे यांचं हे मोठं ठाणं. याच किल्ल्याच्या नावावरून आपल्या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. किल्ल्याचा तट जवळून बघा. मोठमोठे दगड एकावर एक रचलेत, पण मधे चुना नाही! लाट येऊन आदळली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथंच मोडतो आणि तट शाबूत राहतो. शेजारी सर्जेकोट नावाचा छोटा कोट आहे आणि दोघांना जोडणारी दगडी वाट आहे. आम्ही किल्ल्यात न जाता आधी त्या बाजूच्या खडकांकडे वळलो.

काळ्या बेसॉल्टच्या खडकांत ठिकठिकाणी खळगे होते आणि त्यांत ओहोटीनं मागं ठेवलेलं पाणी. कुठं परातीएवढं, कुठं हौदाएवढं.

"घाल आता चष्मा," मैत्रीण म्हणाली.

भाचा गुडघ्यांवर बसला, दोन्ही हात खडकावर टेकले आणि खळग्यात तोंड घातलं. पाणी जेमतेम एक फूट. मी मनात आकडे मोजत होते. वीस झाले, तीस झाले. नळीतून 'हूं हूं' असे आवाज यायला लागले. वर येऊन म्हणाला काय, "मावशी, दिसतंय! सगळं दिसतंय!"

का दिसलं सांगा बरं? आठवा ती बरणी! खळग्यातलं पाणी लाटांपासून सुटून निवांत बसलं होतं, गाळ तळाशी गेला होता. शिवाय चष्मा. आपले डोळे हवेतून पाहायला बनलेत. डोळ्याला थेट पाणी लागलं की सगळं धूसर दिसतं. चष्म्यामुळे डोळ्यासमोर हवेचा थर राहतो, म्हणून स्पष्ट दिसतं.

मग आम्ही पाळीपाळीनं चष्मा लावला. पोहणाऱ्या मित्रानंसुद्धा! तो सहा फुटी माणूस एक फूट पाण्यात तोंड घालून बसलेला बघून येणारे-जाणारे हसत होते. पण त्यानं काय काय पाहिलं म्हणता?

तळाशी एक समुद्रफूल उमललेलं. नाव फूल, पण आहे तो प्राणी. त्याच्या पाकळ्या म्हणजे डंख असलेले हात. चुकून एखादा बारका जीव लागला, की बधिर करून थेट तोंडात! काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबीची पिल्लं. त्यांच्या पोटातलं खाणंसुद्धा बाहेरून दिसत होतं. आणि एक शंख, जो तुरुतुरु चालत होता. उलटा करून बघावा तर आत खेकडा! हा शंखातला खेकडा स्वतः शंख बनवत नाही. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख शोधून तो त्यात राहतो. अंग वाढलं की जुनं घर सोडून मोठ्या घरात बिऱ्हाड हलवतो. म्हणून माझी मैत्रीण, शंखांची एवढी वेडी, पण किनाऱ्यावरचा एकही शंख घरी नेत नाही. "कुणाचं तरी घर असतं ते," म्हणते.

मग तिनं आम्हांला खडकाची चाळ दाखवली. होय, चाळच, तीन मजल्यांची! सगळ्यांत वरच्या मजल्यावर, जिथं पाणी थोडाच वेळ येतं, तिथं पांढरे खरखरीत ठिपके: बार्नेकल. हा प्राणी खेकड्या-कोळंब्यांच्या भाऊबंदांपैकी. लहानपणी पोहत येतो, खडकाला डोकं चिकटवतो आणि मग जन्मभर पायांनी पाणी ढवळून खाणं तोंडात ओढतो. मधल्या मजल्यावर कालवं. पाणी गेलं की शिंपल्याचं दार घट्ट लावून, आत थोडं पाणी साठवून गप्प बसतात. तळमजल्यावर समुद्रफुलं, स्पंज, शेवाळ. यांना फार वेळ कोरडं राहणं सोसत नाही. ज्याला जितकी तहान सोसते, तितक्या वरच्या मजल्यावर त्याची खोली.

आम्ही एक लहान दगड हळूच उचलला. खाली दोन खेकडे आणि एक गोगलगाय. बघितलं आणि दगड होता तसाच परत ठेवला. उलटा टाकला असता, तर खालच्या जिवांना ऊन लागून ते मेले असते.

"पानी फिरला!"

नऊ वाजायला दहा मिनिटं होती. आमच्या गणिताप्रमाणं पाणी अजून उतरायला हवं होतं. आम्ही पुढच्या खळग्याकडे निघालो होतो. इतक्यात मागून हाक आली.

"ओ बाई! पानी फिरला! चला, निगा आता!"

खडकांवरून एक वयस्कर नाखवा येत होते. हातात टोपली, डोक्याला रुमाल.

"नाखवा, अजून ओहोटी पुरी व्हायची आहे. नऊला होणार," गणितज्ञ म्हणाला.

नाखवा हसले. त्यांनी बोटानं खळग्याचा काठ दाखवला. मघाशी कोरडी असलेली फट आता ओली होती आणि तिच्यातून बारीक धार आत येत होती. "तुमच्या घड्यालात नऊ वाजायचे असतील मास्तर, दर्याचे कवाच वाजून गेले. पोर हाय बरोबर. आता निगलात तर जाशाल. अर्ध्या तासानं निगू नका. मग किल्ल्यात बसून ऱ्हावा, होडीनं या."

आम्ही एक शब्द न बोलता निघालो. गणपतीचं दर्शन राहिलं. मघाशी घोट्याएवढं असलेलं पाणी आता गुडघ्यापर्यंत होतं. मधे एका ठिकाणी माझ्या मांडीला लागलं, आणि ते सरळ समोरून नाही, बाजूनं ढकलत होतं. पायाखालची वाळू सरकत होती. भाच्याचा एक हात पोहणाऱ्या मित्राच्या हातात, दुसरा माझ्या. तो एकदाही बोलला नाही. वर्गात पन्नास पोरं सांभाळणारी मी, पण त्या वीस मिनिटांत माझं काळीज धडधडत होतं, हे कबूल करते.

किनाऱ्यावर पोहोचून मागं पाहिलं. आम्ही चालत आलो ती वाट दिसत नव्हती. सगळीकडे चहाच्या रंगाचं पाणी.

चूक कुठं झाली?

चहाच्या टपरीवर गणितज्ञानं मान खाली घालून पुन्हा दिनदर्शिका मागवली. आणि चूक सापडली. एक नाही, दोन!

पहिली चूक अशी. संकष्टी कुठल्या दिवशी धरायची हे चंद्रोदयाच्या वेळी कुठली तिथी आहे त्यावरून ठरतं. चंद्र उगवणार रात्री. त्या दिवशी सकाळी अजून तृतीयाच चालू होती. चतुर्थी दुपारनंतर लागणार होती. दिनदर्शिकेत तिथी संपायची वेळ बारीक अक्षरांत छापलेली होती. पण आम्ही चौघा शिक्षकांनी मोठं अक्षर वाचलं, बारीक वाचलंच नाही! तृतीया धरली तर ३ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सव्वादोन. ओहोटी सकाळी सव्वाआठला.

दुसरी चूक: तिथीचं गणित हा अंदाज आहे. पाऊण तास हा सरासरीचा हिशेब झाला. प्रत्यक्षात उधाणाच्या सुमारास भरतीची वेळ रोज कमी मिनिटांनी पुढं जाते, भांगाच्या सुमारास जास्त मिनिटांनी. त्यामुळे गणिताचं उत्तर तासाभरानंही चुकू शकतं. मोबाइलवर खरी वेळ बघितली तर त्या दिवशी ओहोटी पावणेआठच्या सुमारास पुरी झाली होती. म्हणजे आम्ही किनाऱ्यावरून निघालो, तेव्हाच पाणी फिरलेलं होतं!

"मग ते आजोबा गणित चुकत कसे नाहीत?" भाच्यानं विचारलं.

कारण नाखवा गणित करून थांबत नाहीत. ते फटीतली धार बघतात, वारा बघतात, आणि शंका आली तर लवकर निघतात.

आता एक दुसरं गणित बघा. ते जगभरचे खलाशी वापरतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास लागतात. पाणी जेवढं चढणार, त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात १ भाग चढतं, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २, सहाव्यात १. बेरीज करून बघा, १२ येते.

समजा पाणी एकूण ३६० सेंटीमीटर चढणार आहे. एक भाग म्हणजे ३० सेंटीमीटर. पहिल्या तासात ३० सेंटीमीटर चढेल. आपल्याला वाटतं, हॅ, एवढंच ना? दुसऱ्या तासात ६०. तिसऱ्या तासात ९०! म्हणजे पहिला तास आपल्याला गाफील ठेवतो आणि पुढचे दोन तास गाठतात. आम्ही ठरल्याप्रमाणं दहाला निघालो असतो, तर पावणेआठपासून सव्वादोन तास झाले असते. भाच्यानं वहीत हिशेब केला: ३० अधिक ६०, अधिक ९० चा पाव हिस्सा. एकशे बारा सेंटीमीटर. त्यात घोट्याएवढं आधीचं पाणी मिळवलं. मग उभा राहून स्वतःच्या छातीवर हात आडवा धरला आणि म्हणाला, "मावशी, इथपर्यंत आलं असतं."

कुणी हसलं नाही.

याच जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेल्या पुण्याच्या एका महाविद्यालयातले १४ विद्यार्थी बुडाले. हसत-खेळत आलेली मुलं होती ती. शिक्षक म्हणून सहल काढताना मला तो दिवस आठवतो. पालकांनाही माझी विनंती, मुलांना समुद्राची भीती घालू नका. त्यांना समुद्राची वेळ बघायला शिकवा.

समुद्राचं घड्याळ ओळखणारे

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात दोन बेटं दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली. मुंबईच्या इंग्रजांना ते खपलं नाही. त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाभोवती पहारा बसवला. पण मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात पहारा चुकवून बेटावर माणसं आणि सामान पोहोचवत राहिल्या. मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात शिरायची भीती आणि वारा पडला की हलता येईना. लहान होड्यांना वल्ही होती आणि वल्हवणाऱ्यांना इथला दगड न् दगड ठाऊक होता. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांत आपलं खांदेरी आहे.

ती समुद्राची ओळख पुस्तकात लिहून ठेवलेली नव्हती. आजोबांकडून नातवाकडे येत येत ती त्या सकाळी एका नाखवांच्या तोंडून आमच्यापर्यंत पोहोचली.

करून बघा

१. घरातली दिनदर्शिका घ्या. पुढच्या रविवारची तिथी बघा, ती किती वाजता संपते तेही बघा. तीननं गुणा, चारनं भागा. उत्तर लिहून ठेवा. मग वर्तमानपत्रातली किंवा मोबाइलवरची मुंबईची भरतीची वेळ बघा. किती मिनिटांचा फरक आला? असं पंधरा दिवस केलंत, तर कुठल्या तिथीला गणित जास्त चुकतं, ते तुमचं तुम्हांलाच सापडेल.

२. ओहोटीला खडकांवर जायचं तर मोठ्या माणसांबरोबरच. ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी फिरलं की लगेच निघा.

३. किल्ल्यात अडकलात तर किल्ल्यातच थांबा. चढत्या पाण्यात उतरू नका. किल्ला तीनशे वर्षांहून जास्त उभा आहे, तुम्हांलाही सांभाळेल.

४. हात लावण्याआधी विचारा. शंकूच्या आकाराच्या काही शंखांतली गोगलगाय विषारी असते. पावसाळ्यात वाळूवर येऊन पडणारे निळे फुग्यासारखे जीव मेलेले दिसले तरी डंख मारतात.

५. उचललेला दगड होता तसा ठेवा. शंख, शिंपले, समुद्रफुलं तिथंच राहू द्या.

रविवारी संध्याकाळी भाचा पुण्याला परत गेला. बरणी त्यानं बरोबर नेली. एसटी सुटताना खिडकीतून ओरडला, "मावशी, पुढच्या वेळी आपण त्या आजोबांना विचारूनच जायचं हं!" मी मान डोलावली. गणितज्ञानंही डोलावली. यावेळी आधी मोबाइल बघून, मग दिनदर्शिकेतलं बारीक अक्षर वाचून आणि शेवटी नाखवांना विचारून आम्ही जाणार आहोत. किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन राहिलंय ना!

तुमच्या गावाला समुद्र असेल, तर तुमच्याकडचे आजी-आजोबा भरती कशी ओळखतात ते त्यांना विचारा आणि मला जरूर लिहून कळवा.